बॅकवॉटरला तंबू ठोकण्याआधी

मागच्या अंकात लिहिलं होतं की थंडी सुरू होतेय, तंबू घेऊन गाडीने फिरायला निघणार असाल तर काय अडतंय ते कळवा. पत्रं भरपूर आली. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून त्यातले पाच घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण तो नीट सुटला की बाकीच्यांचंही अर्धं काम होतं.

प्रश्न: ताई, आम्ही कोथरूडला राहतो. मी, मिस्टर, दोन मुलं (८ आणि १२ वर्षं) आणि सासूबाई, वय ६७, चालतात व्यवस्थित पण गुडघे कुरकुरतात. मुलांनी परदेशातले व्हिडिओ बघितलेत, लोक गाडीत तंबू टाकून एका तलावावरून दुसऱ्या तलावावर जातात, मधे छोटी छोटी गावं, संध्याकाळी पार्कमधे ठरलेली जागा, नळ, टॉयलेट सगळं. पुण्याहून असं काही होऊ शकतं का? गेल्या वर्षी एका तलावाकाठच्या कॅम्पला गेलो होतो, रात्री दोनपर्यंत डीजे, कोणाचा डोळा लागला नाही. डिसेंबरमधे पाच दिवस आहेत आणि गाडी साधी हॅचबॅक आहे.

उत्तर: होतं हो, नक्की होतं, आणि पाच दिवस भरपूर आहेत. फक्त एक फरक आधी डोक्यात घ्या. त्या व्हिडिओतल्या पार्कांत नंबर टाकलेली जागा असते, राखणारा माणूस असतो. आपल्याकडे तसं जाळं नाही. आपल्याकडे तुमचा पार्क म्हणजे कोणाचं तरी खळं, कोणाच्या तरी घरामागचं आंब्याचं झाड नाहीतर देवळासमोरचं पटांगण. आणि तलाव म्हणाल तर पुण्याच्या आसपास जे निळं पाणी दिसतं, पवना, मुळशी, पानशेत, भाटघर, धोम, कोयना, ते सगळं धरणाचं, भिंतीमागे साठलेलं, त्यालाच बॅकवॉटर म्हणतात. महाबळेश्वरचा वेण्णा तलावसुद्धा १८४२ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधून घेतलेला. म्हणजे काय, तर काठ आज इथे तर महिन्याने भलतीकडेच, आणि पाण्याखाली कोणाची तरी शेतं, घरं, देवळं. म्हणून आधी गावात विचारायचं आणि मग तंबू उघडायचा, हा माझा एकच नियम आहे. अठरा वर्षं अशी फिरतेय आणि ज्या रात्री अजून आठवतात त्या सगळ्या विचारून मिळालेल्या जागेतल्या आहेत.

तुम्हाला दक्षिणेची वाट सांगते, भोर, वाई, तापोळा आणि परत. पहिल्या दिवशी मुद्दाम कमी अंतर ठेवा. सातारा रस्त्याने कापूरहोळला आत वळलं की भोर, पुण्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जाता जाता नसरापूरला बनेश्वरची झाडी आहे, मुलांना तिथे पळू द्या. भोर म्हणजे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव, राजवाडा अजून उभा आहे, बाजारपेठ एका चकरेत संपते, तिथे भाजी, दूध, भोर भागातला तांदूळ घ्या आणि चार वाजायच्या आत भाटघरच्या काठच्या एखाद्या गावात पोचा. हे धरण १९२८ चं, वेळवंडी नदीवरचं, इंग्रजांनी लॉइड धरण नाव ठेवलेलं, आता त्या पाण्याला येसाजी कंक जलाशय म्हणतात. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की नदीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ बाहेर येतं. तुम्हाला डिसेंबरमधे ते दिसणार नाही, पण सासूबाईंना गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसवा, ते देऊळ कसं वर येतं आणि त्याच्या आजूबाजूला काय काय होतं हे त्या लोकांकडून ऐकणं म्हणजे निम्मी सहल आहे, आणि आपल्या घरातल्या मोठ्या माणसाला अशा ठिकाणी जेवढ्या पटकन ओसरीवर बोलावलं जातं तेवढं आपल्याला कधी बोलावत नाहीत.

इथे माझी एक चूक सांगते म्हणजे तुमची वाचेल. पहिल्या की दुसऱ्या वर्षी आम्ही अशाच एका काठावर गाडी थेट पाण्यापर्यंत नेली. वरून जमीन कोरडी, भेगा पडलेली, मस्त सपाट. वीस फूट गेलो आणि पुढची चाकं बसली, कारण वरचा पापुद्रा वाळलेला असतो आणि खाली गाळ तसाच ओला असतो. गावातल्या एका काकांनी ट्रॅक्टर लावून गाडी काढली, पैसे घेतले नाहीत, आणि मग शांतपणे म्हणाले की ताई तुम्ही जिथून गाडी आणली ना तिथे माझा हरभरा पेरलेला होता. मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. पाणी उतरत जातं तशी जी जमीन उघडी पडते तिला गाळपेर म्हणतात, तिथे लोक हरभरा, गहू असं काहीबाही करतात, आणि बऱ्याचदा हे तेच लोक असतात ज्यांची मूळ जमीन धरणात गेलेली असते. आपल्याला ते नुसतं मोकळं मैदान दिसतं. म्हणून गाडी वरच्या रस्त्यावर, तंबू घराजवळ किंवा मालकाने दाखवलेल्या बांधावर, आणि पाण्याकडे चालत. मुलांना पाण्यात पोहायला सोडू नका, मागे लागली तरी नको. बॅकवॉटरला उतार सरळ नसतो, गुडघाभर पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी जातं, खाली बुडालेली झाडं आणि भिंती असतात, गाळात पाय रुततो. चांगले पोहणारेही तिथेच बुडतात. काठावर बसून पाय बुडवू देत, मोठा माणूस शेजारी हवाच.

दुसऱ्या दिवशी भोरहून मांढरदेवीच्या घाटाने वाईला उतरा. रस्ता वळणावळणाचा आहे, हॅचबॅकमधे पाच माणसं आणि सामान म्हणजे गाडी जड, तेव्हा उतरताना दुसऱ्या गिअरमधेच राहा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, आणि समोरून चढून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. टपावर कॅरिअर असेल तर वर फक्त हलकं सामान, गाद्या आणि तंबू, पाण्याचे कॅन खाली. आणि तारीख ठरवताना पौष पौर्णिमा बघून घ्या, मांढरदेवीला काळूबाईची यात्रा असते, त्या आठवड्यात हा रस्ता आपल्यासाठी नाही.

वाईत दुपार काढाच. ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट, तिथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावर ती वसईहून आणलेली मोठी घंटा. बारा वर्षांच्या मुलाला हेही सांगा की मराठी विश्वकोशाचं काम या छोट्या गावातून चालत आलंय, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे बसून ते करत होते. माझ्या मुलीला हे कळल्यावर ती घाटावर बसून खूप वेळ गप्प होती. संध्याकाळी धोमला जा, धरणाच्या अलीकडे गावात नरसिंहाचं देऊळ आहे आणि तिथला नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे, तो बघायला विसरू नका. मुक्काम धोमच्या पाण्याच्या कडेच्या एखाद्या गावात. धरणाच्या भिंतीच्या खालच्या बाजूला नदीपात्रात मात्र कधीच तंबू टाकायचा नाही, कुठल्याच धरणाच्या, कारण पाणी सोडताना भोंगा वाजतो खरा पण झोपेत पाच जणांना आणि सामानाला घेऊन वर यायला तो पुरत नाही.

तिसऱ्या दिवशी पसरणी घाटाने पाचगणी, मग महाबळेश्वर. इथे थांबू नका असं माझं स्पष्ट मत आहे, डिसेंबरच्या सुट्ट्यांत गर्दीत तुमचा अख्खा दिवस जाईल, स्ट्रॉबेरी घ्या आणि पुढे तापोळ्याला उतरा, साधारण २८ किलोमीटर. हे कोयनेचं पाणी, शिवसागर. तीन बाजूंनी डोंगर, मधे पाण्याचे फाटे आत आत शिरलेले, आणि रात्री दिवे इतके कमी की मुलांना आकाशगंगा हाताने दाखवता येते, मात्र अमावास्येच्या आसपास जा. बऱ्याच घरांनी आता पर्यटकांसाठी अंगणात तंबूची सोय केलीय, टॉयलेट असतं, चुलीवरची भाकरी मिळते, सासूबाईंना खोलीत पलंग मिळेल. इथे दोन रात्री राहा. चौथा दिवस पूर्ण मोकळा ठेवा, कुठेही पळू नका. सकाळी पाण्यावर धुकं असतं ते नऊ-साडेनऊपर्यंत हळूहळू उठतं. दुपारी बोटीने एक चक्कर मारा, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि सगळ्यांना घालायला लावा, सासूबाईंनाही, नसेल तर बोटीत बसू नका. गाड्या पलीकडे नेणारा तराफा आहे तो मुलांना बघायला फार आवडतो. वासोटा मनात असेल तर या वेळी सोडा, तो अभयारण्यात आहे, बामणोलीहून वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, चढ दमवणारा आहे आणि तिथे रात्री राहता येत नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन ते जमणार नाही.

पाचव्या दिवशी केळघर घाटाने मेढा आणि सातारा. मेढ्याच्या पुढे कण्हेर धरणाचं पाणी लागतं, तिथे चहा घ्या. कासला जावं का असं विचाराल तर डिसेंबरमधे फुलं नसतात, ती ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि पठारावर तंबू तर कधीच नाही. साताऱ्यात कंदी पेढे घ्या आणि अंधार पडायच्या आत पुण्यात या.

डीजेचं म्हणाल तर गावात घराशेजारी राहिलात की हा प्रश्न बहुतेक येतच नाही. आला तर रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत लाउडस्पीकरला बंदी आहे, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, ११२ ला फोन करा, संकोच करू नका.

प्रश्न: ताई मी पिंपरीला इंजिनिअरिंगला आहे, आम्ही चौघं बाईकवर जातो. मागच्या वेळी तंबू अगदी पाण्याला लागून ठोकला होता, सकाळी आतून सगळं ओलं, स्लीपिंग बॅग पण. तंबू गळतो का? बदलून घेऊ का? आणि थंडी इतकी होती की मित्र म्हणाला पुढच्या वेळी कोळशाची शेगडी आत घेऊ.

उत्तर: शेगडीचं आधी. अजिबात नाही. मित्राला हे उत्तर वाचायला दे. बंद तंबूत कोळसा, लाकूड, गॅस काहीही जाळलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही रंग नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही आणि तो सकाळी उठतच नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तेच. कोणी काच बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपत असेल तर त्यालाही हेच सांग. थंडी वाजली तर चौघं एका तंबूत झोपा, टोपी मोजे घाला, गरम पाण्याची बाटली पायाशी घ्या, पण आग बाहेर आणि आपण आत.

आता ओलाव्याचं. तंबू चांगला आहे, बदलू नकोस. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड कापडाला लागून पाणी होते, स्वयंपाकघरातल्या झाकणासारखं. त्यात पाण्याकाठची हवा आधीच दमट. त्यावर उपाय थोडा उलटा वाटेल, थंडी असली तरी तंबूच्या वरच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवायच्या, वरचं कव्हर आतल्या कापडाला चिकटणार नाही असं ताणून बांधायचं, आणि ओले कपडे, बूट बाहेर कव्हरखाली.

जागेचं गणित पण बदल. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली वाहते आणि पाण्याच्या खोलगट जागेत साठते. महाबळेश्वरला गावापेक्षा वेण्णा तलावाजवळ थंडी जास्त असते, तिथे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतोसच की. तेव्हा काठापासून वर, उताराच्या मधे एखादी सपाट पायरी शोध, एखाद्या झाडाखाली, म्हणजे दव पण कमी पडेल. झाडाची वाळलेली फांदी डोक्यावर नाही ना एवढं बघ. पाण्याच्या जुन्या खुणा दिसतात, काठाला आडव्या रेघा असतात, त्यातल्या सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर राहा. महाबळेश्वरकडे जांभा खडक असतो, खुंट्या आत जात नाहीत, तिथे दोऱ्या मोठ्या दगडांना बांधायच्या.

आणि स्लीपिंग बॅग कितीही भारी घेतलीस तरी खालून थंडी येतेच, कारण अंगाखाली दबलेला कापूस हवा धरत नाही. फोमची मॅट घे, नसेल तर आजीची गोधडी चौपदरी करून खाली घाल, मी अजून तीच वापरते, तिच्यासारखं काही नाही. गॅसच्या छोट्या कॅनबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगते, त्यात बहुतेक ब्युटेन असतो, तो शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो आणि गॅस सुटताना कॅन स्वतः अजून गार होतो, त्यामुळे पहाटे आठ-दहा डिग्रीलाही आच मंद पडते आणि आपल्याला वाटतं कॅन संपला. रात्री कॅन जॅकेटमधे गुंडाळून ठेव, सकाळी कोमट पाण्यात जरा वेळ उभा कर. चुलीवर किंवा आगीजवळ गरम करायचा नाही.

तंबूच्या दाराची चेन कायम बंद. मण्यार साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत पण नाही फारसं. पहाटे कोणी म्हणालं पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलताना जीभ अडखळतेय, तर चावल्याची खूण दिसो न दिसो, कापाकापी, बांधाबांधी काही न करता माणसाला शांत झोपवून १०८ ला फोन. जिथे रात्र काढणार तिथून सगळ्यात जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे संध्याकाळी गावातच विचारून ठेव.

प्रश्न: आम्ही हडपसरहून जुन्नर, ओतूर करत भंडारदऱ्याला जाणार आहोत, सोबत चार वर्षांची मुलगी. वाटेत धरणं बरीच आहेत, कुठेतरी शेताच्या कडेला तंबू टाकू असं म्हणतोय. घरचे म्हणतात बिबट्यांचं काय? खरंच एवढी भीती आहे का?

उत्तर: आहे, आणि घरच्यांचं ऐका. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत उघड्यावर, शेताच्या कडेला तंबू टाकू नका, चार वर्षांची मुलगी असताना तर मुळीच नाही. याचं कारण समजून घ्या. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे, यांच्यामुळे कालवे आले, कालव्यांमुळे ऊस आला, आणि उसात बिबट्याला बारा महिने आडोसा, पाणी, डुकरं, कुत्री सगळं मिळालं. तिथल्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसातला आहे, त्यांच्यासाठी तेच जंगल. आणि तुम्ही जाणार त्या दिवसांत ऊसतोड चालू असते, म्हणजे फड मोकळे होतात, पिल्लं उघडी पडतात, माद्या जागा बदलत फिरतात. बसलेला, वाकलेला माणूस किंवा लहान मूल त्याला छोटं जनावर वाटतं. शिवाय आपण खरकटं टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. तिथली माणसं या भीतीत रोज जगतायत, संध्याकाळी पोरांना घरात घेतायत, आपण मजा म्हणून त्याच बांधावर झोपणं मला बरोबर वाटत नाही.

मग करा असं, या पट्ट्यातून दिवसा जा आणि मुक्काम पक्क्या खोलीत. दिवस भरायला खूप आहे. शिवनेरी आहे, नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, रस्त्यावरूनसुद्धा त्या दिसल्या की मुलं ओरडतात. नारायणगाव तर तमाशाची पंढरी, हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी देऊन तमाशा ठरवायला तिथे येतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे हे माहीत असू द्या. पिंपळगाव जोग्याच्या पाण्याच्या कडेने खिरेश्वरपर्यंत जाऊन या, तिथलं नागेश्वराचं देऊळ बघण्यासारखं आहे.

तंबू भंडारदऱ्याला टाका. तिथे ऊस नाही, भाताची खाचरं आहेत, शेंडी आणि रतनवाडीला घराशेजारी राखलेल्या जागा मिळतात. बिबट्या तिथल्या जंगलातही आहे, पण तुम्ही वस्तीत असाल, आजूबाजूला माणसं, दिवे असतील. मुलीला अंधार पडल्यावर तंबूपासून लांब एकटी सोडायची नाही, जेवणाचं खरकटं पिशवीत बांधून गाडीत, रात्री बाहेर जायचं तर दोघांनी, उभ्याने चालत, बोलत, टॉर्च लावून. वनखात्याचा नंबर १९२६ फोनमधे ठेवा. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेचं, तिथलं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, आणि रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ सकाळच्या उन्हात बघा, दगडावरचं कोरीवकाम त्या वेळी नीट दिसतं. काजव्यांसाठी मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत परत जावं लागेल, तेव्हा हिरडा, सादडा अशा झाडांवर ते बसतात, आणि तेव्हा टॉर्च, गाडीचे दिवे, फ्लॅश सगळं बंद ठेवायचं.

प्रश्न: सगळे तंबूचं बोलतात पण बायकांच्या टॉयलेटचं कोणी बोलत नाही. त्यामुळेच मी दरवेळी नको म्हणते. काय करायचं?

उत्तर: तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला, कारण कित्येक जणी याच कारणाने घरी राहतात, आणि काही जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, ते तर फारच वाईट. मी मुक्कामाची जागा ठरवताना घरातल्या बाईला पहिला प्रश्न हाच विचारते, संडास वापरायला मिळेल का, पाणी कुठून आणायचं. तिला हा प्रश्न नीट कळतो आणि उत्तर खरं मिळतं. दिवसा पेट्रोलपंप आणि बरी हॉटेलं, दर दोन तासांनी थांबायचं असं निघतानाच ठरवून टाकायचं म्हणजे गाडी चालवणाऱ्याला सारखं सांगायला नको. अगदीच उघड्यावर वेळ आली तर पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा खणून मातीने बुजवायचा, छोटं खुरपं मी गाडीत ठेवते. हे पाणी खालच्या गावांत आणि आपल्या शहरांत प्यायला जातं. पॅड, टिश्यू, ओले रुमाल काहीही पुरायचं नाही, जाड काळ्या पिशवीत गुंडाळून परत आणायचं. उभं करून लगेच उघडणारा छोटा तंबू मिळतो, कपडे बदलायला आणि बादलीभर पाण्याने अंघोळ करायला, चार बायका असाल तर तो घ्याच. पाळी असेल तर नको म्हणू नका, फक्त पहिली रात्र संडास असलेल्या घराजवळ ठरवा.

प्रश्न: मी मुळशी खोऱ्यातला शेतकरी. तुमचा अंक मुलाने पुण्याहून आणला. तुम्ही लोकांना तलावाकाठी राहायला सांगता. आमच्या पणजोबांची जमीन धरणात गेली, उरली ती वरची. शनिवार-रविवारी गाड्या येतात, न विचारता शेतात तंबू, सकाळी निघून जातात आणि बाटल्या राहतात. मागच्या महिन्यात काच लागून बैलाचा खूर फाटला. भांडण करावं तर आपण एकटे आणि ते दहा. काय करायचं?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मुळशीची माणसं ज्या जमिनीसाठी सत्याग्रहाला उभी राहिली, तिथे आज आम्ही बाटल्या टाकून जातो, याची मला मनापासून लाज वाटते. बैलाला बरं वाटो. जखमेत काचेचा बारीक तुकडा राहिला असेल तर तो लंगडत राहील, पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकदा खूर साफ करून घ्याच.

एकट्याने भांडू नका. ग्रामसभेत विषय घ्या आणि गावाच्या दोन-तीन जागा तंबूसाठी ठरवून टाका, बाकी सगळीकडे मनाई. मी अशी गावं बघितलीत जिथे हे चांगलं चाललंय. फाट्यावरच फलक लावा, कोणाला फोन करायचा, एका तंबूचे किती पैसे, दारू आणि स्पीकर नाही, कचरा आपल्या गाडीतून परत. येताना गाडीचा नंबर आणि एका माणसाचा फोन वहीत लिहून घ्या, आणि अनामत ठेवून घ्या, सकाळी जागा बघून परत द्यायची. नुसतं नंबर लिहून घेतलं तरी माणसं वेगळी वागतात. जेवण, सरपण, पाणी तुमच्याकडूनच घ्यायचं असं ठेवलंत तर चार घरांना पैसे मिळतील आणि संध्याकाळी तिथे गावचं माणूस आपोआप हजर राहील. गाळपेरीला पीक असेल तर साधी दोरी आणि एक पाटी लावा, "इथे पेरलंय". आम्हाला शहरातल्यांना खरंच कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. रात्री दंगा झाला तर ११२.

दर ठरवताना कमी ठेवू नका. आणि दादा, जानेवारीत मी आणि मुलगी तिकडे येतोय, अंकाच्या पत्त्यावर तुमचं गाव कळवा. अंगणात एक तंबू मावला तर बघा, नाही मावला तरी चालेल, काचा वेचायला जाड हातमोजे आणि पोती घेऊन येतो.